भावोजींच्या जन्मदाखल्याचं लॅमिनेशन

कागद दिसला की प्लॅस्टिकशेठचे हात शिवशिवायचे. त्याचं दुकान नोंदणी कचेरीच्या बरोब्बर समोर, मध्ये फक्त रस्ता. त्यामुळे त्या गावात जो जन्मला, ज्याचं लग्न लागलं आणि जो वर गेला, त्या प्रत्येकाचा दाखला आधी कचेरीत तयार होई आणि मग रस्ता ओलांडून प्लॅस्टिकशेठच्या मशीनमधून निघे. झेरॉक्स, फोटो, बाइंडिंग ही कामंही तो करायचा, पण आपली वरवर. जीव सगळा लॅमिनेशनमध्ये. दोन गरम रोलरांमधून कागद चकचकीत होऊन बाहेर आला की त्याचा चेहरा असा काही खुलायचा, की समोर उभ्या असलेल्या नव्या बापाला वाटावं, बाळ आपल्याला झालंय की याला?

घरही सुटलं नव्हतं. विजेची बिलं, त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या चष्म्याचा नंबर, गेल्या कित्येक वर्षांच्या दिनदर्शिकांची पहिली पानं, सगळं प्लॅस्टिकमध्ये. दारावर ‘बेल बंद आहे, कडी वाजवा’ अशी चिठ्ठी होती. बेल दुरुस्त होऊन युगं लोटली, पण चिठ्ठी अजून नवीकोरी होती, ती काढायला त्याचं मन होईना. लोक अजून कडीच वाजवत.

त्याचं खरं नाव बाजारात कुणाच्या लक्षात नव्हतं. ताई त्याला भाऊ म्हणायची. आईवडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होता आणि ताई नुकतीच कॉलेजला जायला लागली होती. तिनं कॉलेज सोडलं आणि पडदे शिवायला घेतले. स्थळं येत होती. प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारायची, “आणि माझा भाऊ?” त्यावर पाहुणे चहा संपवून उठायचे. पुढे भाऊ मोठा झाला, त्याला मिशा आल्या, त्या पिकल्यासुद्धा, पण तो प्रश्न काही ताईच्या तोंडातून गेला नाही. भाऊचंही लग्न राहिलं ते राहिलंच. खाली दुकान, वर घर, ताटात वेळेवर गरम जेवण आणि बोलणी ऐकायला हक्काची बहीण, एवढं असल्यावर माणसाला दुसरं काही सुचत नाही.

आणि मग एकसष्टाव्या वर्षी ताई लिफ्टमध्ये अडकली.

दवाखान्याच्या वॉर्डांचे नवे पडदे घेऊन ती वर निघाली होती. लिफ्ट दुरुस्त करायला परदेशातून कंपनीनं पाठवलेला एक मेकॅनिक तीच लिफ्ट तपासत होता. दोघांना घेऊन ती दोन मजल्यांच्या मध्ये गपकन थांबली. ज्यानं दुरुस्त करायची तोच आत! गृहस्थ ओशाळून लाल झाले. ताईनं पडद्यांचं गाठोडं खाली टाकलं, अर्ध्यावर स्वतः बसली आणि अर्ध्यावर थाप मारून त्यांना ‘बसा’ म्हणून खुणावलं. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती, तरी बाहेर जमलेल्या लोकांना आतून हसण्याचे आवाज येत होते. लिफ्ट आतल्या आतच चुटकीसरशी सुरू करता आली असती, हे त्या गृहस्थांनी (सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणू लागले) पुढे कितीतरी दिवसांनी कबूल केलं. तोवर ताईला त्यांचे पाच-पन्नास शब्द येत होते, त्यांना तिचे तेवढेच, आणि बाकीचा संसार हातवाऱ्यांवर चालला होता.

ताईनं लग्नाचं सांगितलं तेव्हा भाऊ आधी ठसकला, मग हसला, मग त्यानं दुकानाचं शटर भर दुपारी खाली ओढून आत एकट्यानं नाच केला. खोटं नाही. तो खरोखर नाचला.

पण घोडं पेंड खात होतं ते मुदतीपाशी. लिफ्टवाल्यांचा कामाचा परवाना शनिवारी संपत होता. लग्न शुक्रवारी नोंदवलं गेलं तर ते नवरा म्हणून राहू शकत होते. नाही झालं तर शनिवारी गाशा गुंडाळायचा, आपल्या देशात जायचं, तिथून नव्यानं अर्ज करायचा आणि निदान वर्षभर वाट बघायची. “आमच्या वयात वर्ष कुणी उसनं देत नाही,” ताई म्हणाली होती, आणि शुक्रवारची वेळ कचेरीत पक्की करून आली होती.

लिफ्टवाल्यांचा जन्मदाखला त्यांच्या जन्मगावाहून आला होता. मलईच्या रंगाचा जाड कागद, अगम्य अक्षरं, खाली दाबून उठवलेला गोल शिक्का, त्यावर राजधानीतून मारून आणलेली मोहोर. एवढं गोळा करायला महिने लागले होते. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी तो भाऊच्या हातात दिला. झेरॉक्स काढून ठेवायला. फक्त झेरॉक्स!

भाऊनं झेरॉक्स काढली. मग दाखला उजेडात धरला. एक कोपरा दुमडला होता, कडेला चहाचा थेंब पडल्याची शंका येत होती. भाऊला ते बघवेना. ताईला लग्नात काय द्यावं या विचारानं त्याची झोप उडाली होती. कपाट दिलं तर ठेवायला जागा नाही, साडी दिली तर ती म्हणणार, रंग कुणी निवडला? आणि इथे भावोजींचा अख्खा जन्म, एका दुमडलेल्या कागदावर, उघडावाघडा. खास प्रसंगासाठी राखून ठेवलेलं सर्वांत जाड प्लॅस्टिक त्यानं काढलं. मशीन तापवलं. कागद हळूच आत सोडला आणि दुसऱ्या बाजूनं तो असा देखणा होऊन बाहेर आला की भाऊनं त्याचा मुकाच घेतला. कोपरे गोल कापले. वर रिबन बांधली.

बुधवारी सगळे कचेरीत जमले. ताई, लिफ्टवाले, भाऊ आणि दुभाषी काका. हे काका कोर्टात शपथ घेतलेले दुभाषी. आवाज असा की ते कुजबुजले तरी रस्त्यावरचा सायकलवाला मागे वळून बघायचा. त्यांची पद्धत पक्की होती. केलेलं भाषांतर ते मूळ दाखल्याला सुई-दोऱ्यानं शिवून टाकत आणि गाठीवर आपला शिक्का मारत, म्हणजे उद्या कुणी एखादं पान बदलायला नको. टेबलापलीकडे रजिस्ट्रारबाई. अंबाड्यात पेन खोचलेलं, आणि कुठलाही कागद आला की आधी डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं वाचायची सवय.

“दाखला?” बाई म्हणाल्या.

भाऊनं रिबन सोडली आणि दोन्ही हातांनी दाखला पुढे केला. त्या पिवळ्या दिव्याखाली तो नुसता झळाळत होता.

दुभाषी काकांनी सवयीनं सुई काढली, टेकवली, दाबली. सुई कटकन मोडली. त्यांनी शिक्का मारून बघितला. शाई प्लॅस्टिकवरून घसरत घसरत काकांच्या बाहीवर उतरली. मग बाईंनी अंगठा फिरवला. खालच्या गोलावर एकदा, दोनदा, पुन्हा उलट बाजूनं.

“शिक्का कुठाय?”

“हा काय,” भाऊ म्हणाला.

“दिसतोय. लागत नाहीये. उठवलेला शिक्का हाताला लागायला हवा. रोलरनी सपाट केलात तुम्ही. हा खरा दाखला आहे की त्याचा फोटो, आता कसं सांगायचं मी?” बाईंनी तो दोन बोटांत धरून उभा केला. तो ताठ उभा राहिला. “शेठ, हा दाखला राहिला नाही. यावर चहाचे कप ठेवून आणता येतील.”

नवा दाखला मागवायचा, त्यावर राजधानीची मोहोर आणायची, मग त्याचं भाषांतर. शुक्रवारपर्यंत? बाईंनी नकारार्थी मान हलवली. दुभाषी काकांनी ते सगळं लिफ्टवाल्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि त्या धिप्पाड माणसाचे खांदे हळूहळू खाली आले. तरी त्यांनी भाऊच्या पाठीवर हात ठेवला. तो हात भाऊला एखाद्या थपडेपेक्षा जास्त लागला.

ताईनं रस्ता ओलांडला, जिना चढला, घरात येऊन दार लावलं. मग म्हणाली, “मुद्दाम केलंस.”

“ताई!”

“मुद्दाम केलंस. मी गेले तर तुला गरम जेवण कोण घालणार? सांग ना. आयुष्यभर दाखल्यांमध्ये लोळतोस आणि तुला शिक्का कळला नाही?”

“अगं, लोक माझ्याकडे सगळं आटपल्यावर येतात! कचेरीत काम झालं की मगच येतात. आधी कुणी आलंच नाही कधी!”

ते अगदी खरं होतं, आणि खरं असूनही लंगडं वाटत होतं. ताई आत गेली आणि शिलाई मशीन असं काही चालवायला लागली की खाली दुकानात टांगलेले फोटो हलले. भाऊला रडू येत होतं. दाखला गेला ते गेलं, पण ताईनं असं म्हणावं? तिच्यासाठी जीव टाकला असता त्यानं. आणि त्याच वेळी आत कुठेतरी काहीतरी टोचत होतं, त्याच्याकडे बघायची मात्र त्याची हिंमत होत नव्हती.

मग त्यानं त्या दाखल्यावर जे जे प्रयोग केले, ते सांगताना आजही त्याचे कान लाल होतात. आधी बर्फात ठेवला. मग केस वाळवायच्या यंत्रानं तापवला. मग खोबरेल तेल, मग ब्लेड. शेवटी एक कोपरा सुटला आणि त्याच्याबरोबर लिफ्टवाल्यांचं जन्मसाल प्लॅस्टिकला चिकटून वेगळं निघालं. दाखल्यावर तारीख राहिली, महिना राहिला, साल गायब. भाऊनं हात टेकले.

गुरुवारी सकाळी तो शटर उघडतोय न उघडतोय, तोच समोरच्या खिडकीतून रजिस्ट्रारबाईंचा हात दिसला. “शेठ! इकडे या! पळत!”

बाईंच्या टेबलावर नियमांचं एक जाडजूड पुस्तक उघडं होतं. वर धूळ, आत बाईंची पट्टी. “मी पण मूर्ख,” त्या म्हणाल्या. “काही देशांनी मिळून पूर्वीच एक करार केलाय. जन्म, लग्न, मृत्यू, प्रत्येकाचा एकेक नमुना. त्यात प्रत्येक रकान्याला नंबर, आणि रकान्याचा अर्थ सगळ्या भाषांत छापलेला. तो नमुना भरून आला की भाषांतर नको, राजधानीची मोहोर नको, काही नको. जसाच्या तसा घ्यायचा. मी यादी बघितली. तुमच्या भावोजींचा देश आहे त्यात, आपलाही आहे.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“कारण आजवर कुणी आणला नाही हो! मी फक्त परीक्षेपुरता वाचला होता.”

दुभाषी काका कोर्टात जाता जाता दारात थांबले होते. त्यांनी पुस्तकात डोकावून पाहिलं आणि दुखावल्या सुरात विचारलं, “सगळ्या भाषा एकाच कागदावर? मग आम्ही काय, माशा मारायच्या?”

“तुम्ही उद्या लग्नाला या. तिथे तोंडी काम आहे,” बाईंनी समजूत घातली.

आता तो नमुना जन्मगावाहून आणायचा कसा? तर नशीब असं की लिफ्टवाल्यांची थोरली बहीण अजून त्याच गावात राहत होती आणि भावाच्या लग्नासाठी त्याच दिवशी रेल्वेनं निघणार होती. लिफ्टवाल्यांनी तिला फोन केला, काय मागायचं ते नीट सांगितलं आणि ते दवाखान्यात गेले. शेवटचा दिवस म्हणून सगळ्या लिफ्ट कंपनीच्या नव्या माणसाच्या ताब्यात द्यायच्या होत्या. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाला फोन लागत नाही, हे त्या घाईत कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

थोड्याच वेळात ताई धापा टाकत कचेरीत आली. हातात फोन, फोनवर होणारी नणंद. या दोघी रोज व्हिडिओवर भेटायच्या. भाषा येत नसल्यामुळे नुसत्या हसायच्या, हात हलवायच्या आणि एकमेकींना आपापल्या कुंड्या दाखवायच्या. आज वन्सं हसत नव्हत्या. त्यांच्या मागे तिकडची नोंदणी कचेरी दिसत होती आणि कानावर पेन्सिल अडकवलेले एक टकले कारकून. कारकुनांनी खांदे उडवले. असला काही नमुना असतो, हे त्यांनी ऐकलंच नव्हतं.

दुभाषी काका कोर्टात. लिफ्टवाले खड्ड्यात. इकडच्या बाईंना तिकडचं अक्षर कळेना, तिकडच्या साहेबांना इकडचं. बाईंनी क्षणभर विचार केला, मग पुस्तकातला नमुना उघडून फोनसमोर धरला आणि त्यावर बोट आपटलं.

टकले साहेब पुढे सरकले. चष्मा वर केला, खाली केला. मग एकदम काहीतरी ओरडले आणि दिसेनासे झाले. कपाटांचे दरवाजे वाजले, काहीतरी धाडकन पडलं, वन्सं दचकल्या. साहेब परत आले तेव्हा त्यांच्या टकलावर जाळी होती आणि हातात तस्साच नमुना. तेच रकाने, तेच नंबर.

आणि मग त्या दोघांचं जे सुरू झालं! बाईंनी बोटं दाखवली: पाच. साहेबांनी पाचव्या रकान्यात लिहिलं आणि धरून दाखवलं. बाईंनी मान हलवली, नाही, आडनाव त्यात नाही, त्यात नाही! चार! साहेबांनी कपाळाला हात लावला, नवा नमुना घेतला. कचेरीत दाखले न्यायला आलेली माणसं आपली रांग सोडून फोनभोवती गोळा झाली. “सहा राहिला, सहा!” एक आजोबा ओरडले. ज्यांचा काही संबंध नाही अशी माणसं सहा-सहा बोटं नाचवायला लागली. कडेवर बाळ घेतलेल्या एका बापाला एकच हात मोकळा होता, म्हणून त्यानं सहावं बोट बाळाचं दाखवलं. साहेब इतके हसले की त्यांची पेन्सिल पडली. पण त्यांनी बरोब्बर लिहिलं. एका भाषेचा एक शब्द दुसऱ्याला न कळता लिफ्टवाले रकान्या-रकान्यानं पुन्हा जन्माला येत होते, आणि सगळी कचेरी सुईणीसारखी घामाघूम झाली होती.

शेवटी साहेबांनी सही केली, कागद शिक्क्याच्या यंत्रात घातला आणि अंगातला सगळा जोर लावून दांडा दाबला. कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला. शिक्का उठला होता. नक्षीसकट, फोनवरसुद्धा दिसत होता. टाळ्या पडल्या.

इथे भाऊला राहवलं नाही. त्यानं फोन खेचून घेतला. “लॅमिनेशन नको!” तो ओरडला. भाषा कळणार नाही हे आठवून त्यानं हातांनी करून दाखवलं: कागद आत घातला, दोन रोलर फिरले, कागद बाहेर आला. मग जोरजोरात मान हलवली. साहेबांनी सगळं लक्षपूर्वक पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी अंगठा वर केला, टेबलाखाली वाकले, लॅमिनेशनचं मशीन वर काढलं आणि त्याची वायर लावली.

“नकोऽऽ!” सगळी कचेरी एका घशानं किंचाळली. रजिस्ट्रारबाई खुर्चीवर चढल्या. आजोबांनी काठी उगारली. बाळ रडायला लागलं. तिकडे वन्संना शब्द नाही कळले, पण भाव कळला. त्यांनी झडप घालून साहेबांच्या हातातला कागद हिसकला, छातीशी धरला आणि त्या अशा काही सुसाट निघाल्या की फोनवर नुसत्या पायऱ्या, मग छप्पर, मग आभाळ दिसलं.

ताई हसत होती. बाकावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाऊही हसायला लागला. त्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं मान फिरवली.

शुक्रवारी सकाळी स्टेशनवर वन्सं उतरल्या त्या दोन बेकिंग ट्रे एकमेकांवर ठेवून दोरीनं करकचून बांधलेलं एक पुडकं घेऊन. सामान हमालानं घेतलं, पण पुडक्याला त्यांनी सख्ख्या भावालाही हात लावू दिला नाही. ताईला मिठी मारली तीसुद्धा पुडकं मध्ये ठेवून. भाऊची ओळख करून दिली तेव्हा त्या त्याच्यापासून चांगली चार पावलं लांब सरकल्या. त्याची कीर्ती पोचली होती.

कचेरीत बाईंनी दोरी सोडली, वरचा ट्रे उचलला आणि अंगठा फिरवला. भाऊनं डोळे मिटून घेतले होते.

“लागतोय,” बाई म्हणाल्या.

मग सगळे लग्नाच्या खोलीत गेले. लांब टेबल, दोन खुर्च्या पुढे, दोन मागे साक्षीदारांसाठी. भाऊ ताईचा साक्षीदार, वन्सं लिफ्टवाल्यांच्या. ताईनं स्वतः शिवलेला निळा पोशाख घातला होता. त्याचं कापड पडद्याचं आहे हे भाऊनं ओळखलं, पण आज तो बोलणार नव्हता. दुभाषी काका मध्ये उभे राहिले आणि त्यांनी आपली शपथ ठणठणीत आवाजात म्हटली: या खोलीत बोलला गेलेला प्रत्येक शब्द, काही न गाळता, काही न घालता, मी दोन्हीकडे पोचवीन.

रजिस्ट्रारबाईंनी आधी लिफ्टवाल्यांना विचारलं. काकांनी भाषांतर केलं. लिफ्टवाल्यांनी होकार दिला. काकांनी त्याचंही भाषांतर केलं.

“ताई, तुमची या लग्नाला राजीखुशीनं संमती आहे?”

बाईंनी पेन उचललं होतं ते तसंच राहिलं. ताई मागे वळली आणि भाऊकडे बघून अगदी हळू म्हणाली, “खरं सांग. मुद्दाम केलंस?”

काकांनी ते खणखणीत आवाजात लिफ्टवाल्यांच्या भाषेत सांगितलं. वन्सं ताठ बसल्या.

“काका, हे घरचं आहे,” ताई म्हणाली.

काकांनी तेही सांगितलं. “शपथ घेतलीय हो,” ते म्हणाले, आणि शपथेपोटी हे वाक्यसुद्धा पलीकडे पोचवलं.

“आईशप्पथ, मुद्दाम नाही केलं गं. तुला काहीतरी टिकाऊ द्यायचं होतं. पण...”

“पण काय?”

काका तोंड अर्धं उघडं ठेवून थांबले होते. भाऊला वाटलं, खोटं बोलावं. एका छोट्या खोट्यानं सगळं सुरळीत होईल. पण ताईशी तो आजवर खोटं बोलला तेव्हा तिनं ते बोलायच्या आधीच पकडलं होतं.

“पण बुधवारी बाई नाही म्हणाल्या ना, तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. वाटलं, चला, राहिली घरी. एकच क्षण, ताई. मग मलाच माझी लाज वाटली.”

पहिल्यांदाच काकांचा आवाज खाली आला. पण त्यांनी शब्द गाळला नाही. भाऊची नजर जमिनीवर. आता भावोजी उठून जातील, ताई आयुष्यभर बोलणार नाही, आणि हे सगळं काय ते आपल्या एका क्षणापायी.

“मलाही,” ताई म्हणाली.

भाऊनं वर बघितलं.

“मलाही बरं वाटलं रे. म्हणून तर तुझ्यावर एवढी चिडले. एवढी वर्षं एक घर, एक चूल, आणि आता या वयात नवं सगळं... कुणीतरी नाही म्हणालं तर सुटेन, असं वाटून गेलं मला. तुझ्या डोक्यावर फोडलं सगळं.”

दुभाषी काकांनी रजिस्ट्रारबाईंकडे बघितलं. हे सांगू? असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. बाईंनी डोळे मिटून होकारार्थी मान डोलावली. काकांनी नवरदेवाला, लग्नाच्या टेबलावर, नवरीचं हे बोलणं शब्दन् शब्द सांगितलं.

लिफ्टवाले ऐकत राहिले. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग मान खाली घालून एक अगदी छोटं वाक्य बोलले. वन्संनी तोंडावर हात ठेवला.

काकांनी चष्मा काढला. “ते म्हणतात,” काका म्हणाले, “मलाही.”

मग ताईच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला, आणि ती हसत सुटली. लिफ्टवाले हसले, वन्सं हसल्या, भाऊ रडत होता की हसत होता ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. काका शपथेला जागून ‘हा हा हा’चंही भाषांतर करायला निघाले, तेव्हा बाईंनी टेबलावर हात आपटला.

“अहो, मग इथे लग्न करायचंय तरी कुणाला?”

“मला!” ताई ओरडली.

काकांनी तोंड उघडलं, पण लिफ्टवाले भाषांतराला थांबले नाहीत. “मला!” ते म्हणाले, तिच्याच भाषेत.

“मलाऽऽ!” मागून भाऊ ओरडला.

“साक्षीदारांनी फक्त सही करायची असते,” रजिस्ट्रारबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेन त्याच्या हातात दिलं.